मनावर घेऊ नको, म्हणजे काय करू?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या मुलीच्या घोट्यावर पांढरा डाग उठला होता, पंधरा दिवसांत दुसरा दिसला, आणि तेव्हापासून पोरगी कॉलेजला जायला तयार नव्हती. "ताई, तूच सांग तिला. तुझं ऐकेल ती. मनावर घेऊ नको म्हणावं, टेन्शन घेतलं की आणखी वाढतं."

मी छत्तीस वर्षं कोड घेऊन जगते आहे. अकराव्या वर्षी डाव्या मनगटावर मसुरीएवढा ठिपका उठला. आज दोन्ही हात, कोपरं, गुडघे आणि ओठांच्या कडा पांढऱ्या आहेत. या काळात मलमं बदलली, डॉक्टर बदलले, वैद्य बदलले, पण भावानं फोनवर सांगितलेलं वाक्य काही बदललं नाही. आईनं ते सांगितलं, मामांनी सांगितलं, शाळेतल्या सहकाऱ्यांनी सांगितलं. चिठ्ठीवर औषध लिहिता लिहिता मान वर न करता डॉक्टरांनीही सांगितलं. या वाक्याला आणखी दोन जोडीदार आहेत. एक, "वरवरचंच आहे, जिवाला काही धोका नाही." दुसरं, अलीकडे फार ऐकू येणारं, "सकारात्मक राहा, स्वतःला स्वीकारा."

सांगणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. भाऊ माझ्यावर आणि त्याच्या लेकीवर जीव टाकतो. तरीही या तिन्ही वाक्यांना मला उत्तर द्यायचं आहे. ती चुकीची आहेत, आणि ती ऐकत वाढलेल्या मुलीला दुप्पट एकटी पाडतात. कोड असलेल्या माणसाला जे दुःख होतं ते त्याचं मन दुबळं आहे म्हणून होतं, असं गृहीत धरून ही तिन्ही वाक्यं बोलली जातात. माझा अनुभव, आणि या आजाराबद्दल आज जे ठाऊक आहे ते, दोन्ही उलट सांगतात. हे दुःख बाहेर, रोज, माणसांच्या वागण्यातून तयार होतं. ते कमी करायचं काम मग एकट्या रुग्णानं का करायचं?

आधी टेन्शनचं बघू.

कोडात त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी मरतात. त्या मरतात, कारण शरीराचीच प्रतिकारयंत्रणा त्यांना परकं समजून मारते. ज्या टी पेशींनी विषाणू लागलेल्या पेशी शोधून नष्ट करायच्या, त्या इथे निरोगी रंगपेशींवर चालून जातात. कोड असलेल्यांमध्ये थायरॉइडचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात तेही याच जातीच्या गोंधळामुळे. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी कोडात रंग परत आणण्यासाठी एका मलमाला मान्यता दिली. टी पेशींना बोलावणारा जो रासायनिक निरोप असतो, तो पेशीच्या आत पोचू न देणं एवढंच त्या मलमाचं काम. चाचण्यांमध्ये २४ आठवडे ते लावणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के जणांच्या चेहऱ्यावरचे डाग तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरून आले. त्या माणसांच्या काळज्या मलमानं मिटल्या नव्हत्या. त्यांची कर्जं, भांडणं, परीक्षा सगळं होतं तिथेच होतं. निरोप अडला आणि रंग आला.

आणखी एक पुरावा आहे, आणि तो तर आपल्या कपाळावरचा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामगारांचे हात पांढरे पडू लागले. शोध घेतल्यावर दोष सापडला तो त्यांच्या रबरी हातमोज्यांत मिसळलेल्या एका रसायनात. २०१३ मध्ये जपानमध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या एका घटकामुळे हजारो बायकांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे चट्टे उठले, आणि ती उत्पादनं बाजारातून मागे घ्यावी लागली. आपल्याकडे चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदातल्या रसायनानं कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा गोल पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं नोंदवलं आहे. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली असेच पट्टे उठतात. हा रसायनांचा प्रकार आणि मूळ कोड तंतोतंत एक नव्हेत, हे मान्य. पण रंगपेशी किती नाजूक असते आणि तिला मारायला रुग्णाच्या मनाची मदत लागत नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना कपाळावरचा तो गोल दिसला तेव्हा त्यांच्या जावेनं सल्ला दिला, मोठी टिकली लाव म्हणजे झाकेल. त्या चार वर्षं मोठी टिकली लावत राहिल्या. गोल वाढत राहिला. घरातले म्हणत, नवऱ्याच्या नोकरीचं टेन्शन घेतलंय तिनं.

ताणाचा काडीइतकाही संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. प्रतिकारयंत्रणेवर ताणाचा परिणाम होतो, आणि डाग उठण्याआधी आपल्यावर काही आघात झाला होता असं अनेक रुग्ण सांगतात. पण डाग दिसल्यावर मागे वळून कारण शोधायला बसलं, की ज्याच्या मागच्या वर्षभरात एकही मृत्यू, आजारपण, परीक्षा किंवा भांडण सापडणार नाही असं घर मला दाखवा. आणि समजा, ताणाचा थोडा वाटा आहेच. तरी "टेन्शन घेऊ नको" हे वाक्य ताण कसा कमी करतं? ते तर ताणाचा आरोप करतं.

दहावीच्या फेब्रुवारीत माझ्या ओठाच्या कोपऱ्यात डाग आला. मावशी म्हणाली, "बघ, अभ्यासाचं घेतलंस मनावर." त्या दिवसापासून मी रात्री अंथरुणात पडून काळजी न करण्याचा प्रयत्न करायचे. काळजी वाटली की धडकी भरायची, कारण काळजी वाटली म्हणजे उद्या नवा डाग दिसणार. सकाळी डोळे उघडले की आधी हात बघायचे, मग पाय, मग आरसा. नवा ठिपका सापडला की आदल्या रात्री मी काय चुकीचा विचार केला ते आठवायचे. पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या स्वतःच्या विचारांची भीती घातली गेली होती. ती घालणारी माणसं माझ्यावर प्रेम करत होती, म्हणून तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

आता "वरवरचंच आहे" याबद्दल.

कोड दुखत नाही, सहसा खाजत नाही, ताप येत नाही, जीव जात नाही. हे सगळं खरं. १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथे फिनले आणि खान या दोघांनी त्वचारोगाचा जगण्यावर होणारा परिणाम मोजायला दहा प्रश्नांची एक यादी बनवली. ती आज जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दलचा, आणि गुण शून्यापासून तीसपर्यंत. पहिला प्रश्न खाज, दुखणं, आग याबद्दल. तिथे माझं उत्तर शून्य. मग पुढचे प्रश्न येतात. स्वतःची लाज वाटली का? बाजारात जायला, घरातली कामं करायला अडलं का? कपडे कुठले घालायचे ते त्वचेनं ठरवलं का? लोकांत मिसळणं, खेळणं, नोकरी, अभ्यास यांत अडचण आली का? जोडीदाराशी, मित्रांशी, नातेवाइकांशी? शरीरसंबंधांत? उपचारांमुळेच घरात पसारा झाला, वेळ गेला का?

यातल्या प्रश्नांवर मी माझा एखादा आठवडा सांगते. मे महिना, चुलतबहिणीच्या घरचं लग्न, बेचाळीस अंश ऊन, आणि मी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातलेला. भाजीवालीनं सुट्टे पैसे माझ्या तळहातावर न ठेवता टोपलीच्या कडेला ठेवले. ओटी भरायला माझं नाव पुकारलं गेलं, आणि कुणीतरी हलकेच दुसऱ्या बाईला पुढे केलं. पंगतीत वाढायला उठले तर एका आजींनी "तू बस गं, दमली असशील" म्हणून माझ्या हातातली वाटी काढून घेतली. मी दमले नव्हते. यातला एकही प्रसंग तक्रार करण्याएवढा मोठा नाही, म्हणूनच त्याची कुठे नोंद होत नाही. आणि असे प्रसंग एका आठवड्यात चार, वर्षात दोनशे.

छत्तीस वर्षांत एकाही दवाखान्यात मला ते दहा प्रश्न विचारले गेले नाहीत. ती यादी मी चाळिशीत स्वतः शोधून वाचली. वाचताना रडू आलं, कारण माझ्या आयुष्यातल्या गोष्टी आजाराचा भाग म्हणून कुणीतरी छापल्या होत्या. तोवर मला वाटत होतं की तो माझ्या स्वभावाचा भाग आहे.

उपचारांच्या दमछाकीचंही सांगायला हवं. कोडावर जो सर्वांत भरवशाचा उपचार आजवर वापरला गेला तो विशिष्ट तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा. तो आठवड्यातून दोन किंवा तीनदा घ्यायचा आणि महिनोन्‌महिने चालू ठेवायचा. प्रत्यक्ष किरणांखाली उभं राहणं काही मिनिटांचं. पण ते यंत्र जिल्ह्याच्या गावाला, आणि मी तालुक्याच्या पलीकडच्या शाळेत. सकाळची एसटी, दवाखान्यातली रांग, परतीची एसटी, अर्ध्या दिवसाची रजा, आठवड्यातून तीनदा. मी सात महिने केलं. चेहऱ्यावर फरक पडला, बोटांवर काहीच नाही. मी स्वतःला दोष दिला की मधले चार दिवस चुकले म्हणून असं झालं. खरं कारण मला नंतर कळलं. रंग परत येतो तो बहुतेक वेळा केसांच्या मुळांतून. तिथे राखीव पेशी असतात, म्हणून पांढऱ्या डागात आधी तिळासारखे ठिपके उठतात आणि ते पसरत जातात. बोटांच्या टोकांवर, तळहातावर, ओठांवर केसच नाहीत, तर रंग यायचा कुठून? या जागा फार हट्टी असतात, हे प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञाला माहीत असतं. ते एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर माझ्या मनःस्वास्थ्यासाठी ते कुठल्याही धीरापेक्षा जास्त उपयोगी ठरलं असतं. त्याऐवजी मला "सकारात्मक राहा" सांगण्यात आलं.

आणि घर. माझ्या आजीचा ठाम समज होता की दुधावर मासे खाल्ले की कोड फुटतं. हा समज महाराष्ट्रभर आहे. आमच्या घरात मासा कधी शिजलाच नव्हता. मग निष्कर्ष असा निघाला की मी मैत्रिणीकडे खाल्ला असणार आणि लपवते आहे. मी रडून सांगितलं, देवाशप्पथ सांगितलं, कुणी मानलं नाही. पुरावा माझ्या मनगटावर होता. डागाचं दुःख मी विसरले असते. मी खोटी ठरले हे मात्र आजही आठवतं. नंतर आंबट बंद झालं. चिंच, लिंबू, दही, लोणचं. चार उन्हाळे मी कैरीला हात लावला नाही. या पथ्याला आधार नाही. पण घरातली सगळी मुलं मीठ-तिखट लावून फोडी खात असताना एकीला बाजूला बसवणं, याला मनावरचा परिणाम म्हणायचं की मुलीचा हळवेपणा?

शब्दांनीही घोळ घातला आहे. कोड हा शब्द कुष्ठ या संस्कृत शब्दातून आला. हिंदीत त्याचं कोढ़ झालं आणि त्याचा अर्थ महारोग. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांतून श्वेतकुष्ठ हे नाव उतरलं आणि ते अजून चिठ्ठ्यांवर लिहिलं जातं. दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना गेलेली असते. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि तिथे टाचणी टोचली तर इतकं दुखतं की हात मागे घ्यावा. कोड कुणापासून कुणाला लागत नाही. मात्र हे सांगताना मला एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. "आमचं ते नव्हे" एवढंच म्हणून आपण सुटलो, तर आपल्यावरचा तिरस्कार फक्त शेजारच्याकडे ढकलला. कुष्ठरोगही अनेक दशकं औषधांनी पूर्ण बरा होतो आहे. तरीही तो घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यात होता, आणि संसदेनं तो काढला तो २०१९ साली. औषध येऊन कितीतरी वर्षं झाल्यावर कायदा सुधारतो, हे लक्षात घेतलं की घराघरातल्या समजुती का टिकतात ते कळतं.

लग्नाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ते नाकारतात. मुलीच्या बायोडाट्यात काय लिहायचं, काय नाही, घोट्यावरचा डाग फोटोत येईल का, थोरलीला आहे म्हणून धाकटीचं अडेल का. "घराण्यात आहे" हे तर बाहेरच्या खोलीत बसून बोललं जातं. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण किती? हुबेहूब जुळ्या भावंडांची जनुकं सारखीच असतात. त्यांच्यापैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असल्याचं प्रमाण सुमारे २३ टक्के आढळलं आहे. म्हणजे सगळी जनुकं तीच असूनही चारांतल्या तिघांना ते झालं नाही. हा हिशेब एकाही बैठकीत मांडला जात नाही. जवळपास निम्म्या रुग्णांना विशीच्या आत डाग दिसतो. बरोबर त्याच वयात मुलगी आपल्या देहाबद्दल मत बनवत असते, आणि त्याच वयात ती भिंतीपलीकडून ही बैठक ऐकत असते. तिला कोण सांगणार, मनावर घेऊ नको?

आता मी विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेते, कारण त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. तो असा: जग लगेच बदलणार नाही, तोवर माणसानं स्वतःला सावरायला शिकलं पाहिजे, आणि स्वतःला स्वीकारणारी माणसं अधिक सुखी असतात. कॅनडाची मॉडेल विनी हार्लो डाग न झाकता जगभर फिरते. मराठीत २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' काढला, त्याची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे आणि ती ताठ मानेनं जगते. ब्रिटनमध्ये १९९९ साली कोडाच्या थोड्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या मानसोपचारानं त्यांचा आत्मसन्मान वाढल्याचं दिसलं.

हे सगळं मला मान्य आहे. मानसोपचार मिळाला तर घ्यावा, माझ्या भाचीलाही मी घ्यायला लावीन. पण मानसोपचार म्हणजे प्रशिक्षित माणसानं तासन्‌तास ऐकणं, अनोळखी नजरेला काय उत्तर द्यायचं याचा सराव करून घेणं. तो आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फेकलेलं "स्वीकार स्वतःला" हे एकाच मापात कसं मोजता येईल? आणि 'नितळ'ची ज्यांना आठवण होते त्यांनी तो पुन्हा पाहावा. तिथे कॅमेरा सतत वळतो तो नायिकेकडे बघणाऱ्या घरातल्या माणसांकडे. परीक्षा त्यांची चालली आहे.

स्वीकार कसा येतो हे मी माझ्यावरून सांगू शकते. एकतिसाव्या वर्षी, जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी, मी पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून वर्गात गेले. लोकांनी त्याला माझी हिंमत म्हटलं. पण त्याआधीच्या दोन वर्षांत तीन गोष्टी घडल्या होत्या. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वीस मिनिटं देऊन आजार समजावला आणि कुठल्या जागा भरणार नाहीत ते स्पष्ट सांगितलं. दुसरं, मी पुण्यात कोड असलेल्या माणसांच्या एका मेळाव्याला गेले. तिथे डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता' ही संस्था या लोकांसाठी काम करते, त्यांचे वधूवर मेळावेसुद्धा भरवते. एका सभागृहात शंभरेक पांढरे हात एकाच वेळी टाळ्या वाजवताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, आणि दिवसभर कुणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही. तिसरं, माझी बदली झाली आणि नव्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी पहिल्याच दिवशी, मी न सांगता, मुलांना सांगितलं: बाईंच्या हातावर रंग बनत नाही, ते लागत नाही, काही विचारायचं असेल तर विचारा. एका मुलीनं विचारलं, "बाई, मग तो खडू नाही का?" मी म्हटलं, "नाही गं, तो खडू नाही." आणि आम्ही बेरीज सुरू केली.

त्या तीन गोष्टींनंतर बाह्या आखूड झाल्या. माझं मन आधी कणखर झालं आणि मग जग बरं वाटू लागलं, असा क्रम नव्हता. आधी माझ्याभोवतीची काही माणसं वेगळी वागली. ज्यांना स्वीकार हवा आहे त्यांनी हा क्रम उलटा करून रुग्णाच्या गळ्यात घालू नये.

पुराव्यानंही लोक नेहमी ऐकतात असं नाही. मायकल जॅक्सननं १९९३ मध्ये मुलाखतीत जाहीर सांगितलं होतं की आपल्याला कोड आहे. तरी गोरं व्हायचं म्हणून त्यानं कातडी बदलली, असं जग वर्षानुवर्षं म्हणत राहिलं. २००९ मध्ये तो गेल्यावर शवविच्छेदनात कोड नोंदवलं गेलं. पुढे त्याच्या मृत्यूची तारीख, २५ जून, जागतिक कोड दिन म्हणून पाळली जाऊ लागली. इतक्या प्रसिद्ध माणसाचं त्याच्या स्वतःच्या कातडीबद्दल ऐकलं गेलं नाही, तर तालुक्याच्या गावातल्या मुलीचं कोण ऐकणार?

आणखी एक नुकसान, ज्याचा हिशेब कुणी करत नाही. हा मनाचा खेळ आहे असं घरानं ठरवलं की त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणं लांबतं. मुलगी मनानं खंबीर होईपर्यंत वाट पाहिली जाते. दरम्यान एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात दिसते, अमुक दिवसांत पांढरे डाग गायब. औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीत काही आजारांची यादी आहे. ते बरे करण्याचा दावा औषधावर करायला कायद्यानं बंदी आहे, आणि पांढऱ्या डागांचं नाव त्या यादीत आहे. भिंती तरीही रंगलेल्या असतात. माझ्या वडिलांनी त्या भिंतींवर दोन वर्षांचे पैसे घातले. वाढीच्या सुरुवातीच्या काळात, जेव्हा उपचारांचा उपयोग जास्त होतो, तेव्हा माझी ती दोन वर्षं गेली. याला कुणी माझ्या मनाचा दुबळेपणा म्हणू नये.

म्हणून डॉक्टरांना माझी विनंती आहे. "मनावर घेऊ नका" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात "गेल्या आठवड्यात याच्यामुळे काय अडलं?" असं विचारता येतं. उत्तर ऐकायला तीन मिनिटं जास्त लागतील. घरच्यांना मी विनंती करणार नाही, हक्कानं सांगेन. रोज सकाळी मुलीचे हात तपासणं बंद करा. पाहुण्यांसमोर तिला बाही खाली ओढायची खूण करू नका. तिच्या ताटातलं लिंबू काढू नका. वधूवर मंडळाच्या फॉर्मवर काय लिहायचं ते तिला विचारून लिहा. ही सगळी कामं तुमची आहेत, आणि ती तुम्ही केलीत तर तिच्या मनाला काही सांगावं लागणार नाही.

मी भावाकडे गेले. भाचीला "मनावर घेऊ नको" म्हटलं नाही. तिच्या खोलीत बसून विचारलं, "कुणी काय केलं?" भाऊ दारातच उभा होता. बराच वेळ ती नखानं चादरीचा दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "आत्या, कॉलेजातलं मी सहन करते. पण आई माझा टॉवेल वेगळा वाळत घालते. माझा साबण वेगळा ठेवते. आणि वर तीच म्हणते, मनावर घेऊ नको."

स्वयंपाकघरातून भावजय आली, डोळ्यांत पाणी. "ताई, मला माहीत आहे हो, लागत नाही ते. पण धाकटा आहे ना घरात. हात आपसूक तसा वळतो."

कुणी काही बोललं नाही. भाऊ गॅलरीत गेला. कडेच्या खिळ्यावर टांगलेला तो हिरवा टॉवेल काढून त्यानं दोरीवर बाकीच्यांच्या शेजारी टाकला, परत आला, लेकीच्या पलंगावर बसला आणि म्हणाला, "अजून काय काय झालं, सांग मला."